दोन देशांत नदीचे पाणी वाटताना : प्रमाण, मोजणी आणि तुटीचे दहा दिवस

प्रश्न असा आहे की एक नदी दोन देशांतून वाहत असेल तर तिचे पाणी कोणत्या तत्त्वावर वाटायचे, ते सरळ निम्मे-निम्मे का करता येत नाही, आणि वरच्या देशाने मनात आणले तर तो खालच्या देशाचे पाणी खरोखर बंद करू शकतो का. माझे कामाचे आयुष्य प्रवाहमापन आणि जलाशयांचे नियोजन यांत गेले असल्याने मी या प्रश्नाकडे वाटाघाटींच्या टेबलावरून कमी आणि नदीकाठच्या मोजपट्टीवरून जास्त पाहतो. तिथून पाहिले तर वाट्याचे प्रमाण ही करारातील सर्वांत सोपी बाब ठरते. पाणी कुठे मोजायचे, किती दिवसांच्या सरासरीने मोजायचे आणि अपेक्षेपेक्षा कमी पाणी आले तर तूट कोणी सोसायची, या तीन कलमांवर करार टिकतो किंवा मोडतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण व्यवहारात तिचा उपयोग मर्यादित आहे. १८९५ साली अमेरिकेचे ॲटर्नी जनरल जडसन हार्मन यांनी रिओ ग्रांदे नदीबाबत असे मत दिले की आपल्या हद्दीतील पाण्याचे काय करायचे हे सार्वभौम देश स्वतः ठरवेल आणि खालच्या मेक्सिकोचे त्याबाबत काही देणे लागत नाही. गंमत अशी की १९०६ मध्ये त्याच अमेरिकेने मेक्सिकोला त्या नदीतून दरवर्षी ६०,००० एकर-फूट पाणी देण्याचा करार केला (एक एकर जमिनीवर एक फूट उभे राहील एवढे पाणी म्हणजे एक एकर-फूट). दुसऱ्या टोकाला, नैसर्गिक प्रवाह जसाच्या तसा आपल्यापर्यंत पोहोचलाच पाहिजे, असा खालच्या देशांचा दावा असतो, आणि तोही टिकत नाही, कारण मग वरच्या देशाला शेतीही करता येणार नाही. या दोन टोकांमधून ‘न्याय्य आणि वाजवी वापर’ हे तत्त्व पुढे आले. १९६६ च्या हेलसिंकी नियमांत ते मांडले गेले आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९९७ च्या जलप्रवाह करारनाम्यात त्यासोबत ‘लक्षणीय हानी न करण्याचे’ आणि ‘पूर्वसूचना देण्याचे’ बंधन आले. त्या करारनाम्याच्या बाजूने १०३ देशांनी मत दिले. तुर्कस्तान, चीन आणि बुरुंडी या तिघांनी विरोध केला, तर भारत आणि पाकिस्तान दोघेही तटस्थ राहिले. तो अमलात यायला २०१४ साल उजाडले आणि भारत, पाकिस्तान, चीन यांपैकी कोणीही त्यात सामील नाही. वाजवी म्हणजे किती क्युसेक (घनफूट प्रतिसेकंद), हे कोणताही करारनामा सांगत नाही. ते शेजाऱ्यांनाच आपसांत ठरवावे लागते.

आता निम्म्या-निम्म्याचा प्रश्न. मोसमी पावसाच्या प्रदेशातील नदीचा वार्षिक सरासरी प्रवाह हा आकडा वाटपासाठी जवळजवळ निरुपयोगी असतो. गंगेत पावसाळ्यात इतके पाणी असते की कोणालाच त्याचा वाटा नको असतो. तेव्हा भारत आणि बांगलादेश यांचे भांडण पुराच्या सूचनेवरून होते. वाद असतो तो जानेवारी ते मे या काळातील पाण्याचा, आणि त्यातही मार्चच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या पाण्याचा. १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांच्या सरासरीनुसार पश्चिम बंगालमध्ये सीमेजवळच्या फरक्क्याला जानेवारीच्या पहिल्या दहा दिवसांत सुमारे १ लाख ७ हजार क्युसेक पाणी येत असे, आणि एप्रिलच्या शेवटच्या दहा दिवसांत ते सुमारे ६१ हजारांवर उतरत असे. भारताने फरक्क्याचा बॅरेज (दरवाजांचा बंधारा) बांधला तो भागीरथी-हुगळीत ४०,००० क्युसेकपर्यंत पाणी वळवून कोलकाता बंदराचा गाळ हटवण्यासाठी, आणि १९७५ मध्ये तो सुरू झाला. ६१ हजारांतून ४० हजार वळवले तर बांगलादेशाकडे २१ हजार उरतात. एवढ्या पाण्यात बांगलादेशाच्या खुलना भागात समुद्राचे खारे पाणी नद्यांमधून आत सरकते आणि गंगेतून फुटणाऱ्या गोराई नदीचे तोंड गाळाने बंद होऊ लागते. संपूर्ण वाद या वजाबाकीत आहे.

१९७७ च्या पहिल्या करारापासून हे गणित सोडवण्याचे प्रयत्न सुरू झाले. तो करार पाच वर्षांचा होता आणि त्यात एक महत्त्वाची हमी होती : प्रवाह कितीही घटला तरी बांगलादेशाला वेळापत्रकातील आपल्या वाट्याच्या किमान ८० टक्के पाणी मिळेल. पुढे १९८२ आणि १९८५ च्या सामंजस्य करारांवर काम चालले, आणि १९८८ नंतर आठ वर्षे कोणताच करार नव्हता. १२ डिसेंबर १९९६ रोजी पंतप्रधान एच. डी. देवेगौडा आणि शेख हसीना यांनी सह्या केल्या तो तीस वर्षांचा करार या पार्श्वभूमीवर झाला. त्याचे सूत्र मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण वर्तमानपत्री चर्चेत ते ‘निम्मे-निम्मे’ एवढ्यावरच आटोपले जाते.

१ जानेवारी ते ३१ मे या काळाचे दहा-दहा दिवसांचे तुकडे पाडलेले आहेत. एखाद्या तुकड्यात फरक्क्याला ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी आले तर निम्मे-निम्मे. ७० ते ७५ हजारांच्या दरम्यान आले तर बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेले भारताला. ७५ हजार किंवा त्याहून जास्त आले तर भारताला ४०,००० आणि उरलेले बांगलादेशाला. म्हणजे ७२ हजार आले तर भारताला ३७ हजार मिळतात आणि ९० हजार आले तर बांगलादेशाला ५० हजार. यावर आणखी एक अट आहे. ११ मार्च ते १० मे या सर्वांत तुटीच्या काळात दोन्ही देशांना पाळीपाळीने, प्रत्येकी तीन दहा-दिवसांत, ३५,००० क्युसेकची हमी आहे. त्यामुळे चाळीस वर्षांची सरासरी धरली तर ११ ते २० एप्रिलमध्ये भारताला ३५ हजार आणि बांगलादेशाला सुमारे २७,६०० मिळतात, तर लगेच पुढच्या दहा दिवसांत बांगलादेशाला ३५ हजार आणि भारताला सुमारे २६ हजार.

ही पाळीची योजना मला या करारातील सर्वांत व्यवहारी कल्पना वाटते. पुरेसे पाणी दोघांनाही सतत देणे शक्य नसेल तर दोघांनाही सतत अपुरे देण्यापेक्षा आळीपाळीने पुरेसे दिलेले बरे, असा त्यामागचा विचार आहे. शेतीच्या पंपांना आणि नदीच्या मुखाशी खाऱ्या पाण्याला मागे रेटायलाही, तुटपुंज्या अखंड धारेपेक्षा काही दिवसांचा भरघोस प्रवाह अधिक उपयोगी पडतो. मात्र याची दुसरी बाजू अशी की ज्याची पाळी नसेल त्याचे पाणी दर दहाव्या दिवशी हजारो क्युसेकने खाली येते, आणि नदीचा काठ, मासे व काठावरचे शेतकरी यांना हा चढउतार सोसावा लागतो.

कराराची दुर्बल जागा वेगळीच आहे. हे सूत्र गंगा वाटत नाही. ते फरक्क्याला पोहोचलेले पाणी वाटते. वर उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये कालव्यांतून आणि पंपांनी जे उचलले गेले ते उचलल्यानंतर जे शिल्लक राहते तेवढेच हिशेबात येते. चाळीस वर्षांच्या सरासरीइतका प्रवाह फरक्क्याला टिकवण्यासाठी ‘सर्व प्रयत्न’ करण्याचे भारताने कबूल केले आहे, पण प्रयत्न आणि हमी यांत अंतर आहे. १९७७ ची ८० टक्क्यांची हमी १९९६ मध्ये त्या स्वरूपात आली नाही. प्रवाह ५०,००० क्युसेकच्या खाली गेला तर दोन्ही सरकारांनी तातडीने सल्लामसलत करावी, एवढेच म्हटले आहे. शिवाय पुनरावलोकनात एकमत झाले नाही तर भारताने सूत्रानुसार येणाऱ्या बांगलादेशाच्या वाट्याच्या किमान ९० टक्के पाणी सोडत राहावे, अशी एक तरतूद आहे. ही ९० टक्केही पुन्हा त्या वेळी फरक्क्यात जे असेल त्यावरच अवलंबून असतात.

मोजणीविषयी थोडे सांगायला हवे, कारण बाहेरच्या माणसाला हा तांत्रिक तपशील वाटतो आणि आत काम करणाऱ्याला तोच मुख्य विषय वाटतो. दोन्ही देशांच्या संयुक्त समितीची पथके फरक्क्याला बॅरेजच्या खाली, भागीरथीकडे पाणी नेणाऱ्या फीडर कालव्यात आणि बांगलादेशात हार्डिंग पुलाजवळ रोजचा विसर्ग मोजतात. वाळूच्या तळाच्या, दर पुरानंतर पात्र बदलणाऱ्या नदीत विसर्ग मोजण्यात काही टक्क्यांची चूक कोणीही टाळू शकत नाही. ६० हजार क्युसेकवर पाच टक्के म्हणजे तीन हजार क्युसेक, आणि एवढ्यावरून दोन देशांची पत्रापत्री सुरू होऊ शकते. फरक्क्याहून सुटलेले पाणी हार्डिंग पुलाशी पोहोचायला वेळ लागतो, मधल्या अंतरात काही पाणी तळात मुरते, काही ठिकाणी भूजलातून परत येते. कराराच्या पहिल्याच उन्हाळ्यात, १९९७ मध्ये, हार्डिंग पुलाजवळचे आकडे फरक्क्याच्या आकड्यांच्या मानाने फारच कमी आल्याने तणाव निर्माण झाला होता. अशा वेळी दोन्ही बाजूंचे अभियंते एकाच होडीत बसून मोजत असतील तर वाद आकड्याच्या अर्थावर राहतो, आकडा खरा की खोटा यावर जात नाही. संयुक्त मोजणीचे खरे महत्त्व माझ्या मते एवढेच आहे आणि ते पुष्कळ आहे.

सिंधू नदीच्या बाबतीत याच्या अगदी उलट मार्ग घेतला गेला. फाळणीनंतर फिरोजपूर आणि माधोपूरची शीर्षकामे (नदीतून कालव्यांत पाणी सोडणारी बांधकामे) भारतात आणि त्यांवर भिजणारी बरीच जमीन पाकिस्तानात, अशी स्थिती झाली. ‘जैसे थे’ कराराची मुदत संपताच १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने कालव्यांचे पाणी बंद केले. मे महिन्यात तात्पुरता समझोता होऊन ते पुन्हा सुरू झाले, परंतु त्या काही आठवड्यांचा परिणाम पाकिस्तानच्या पुढच्या सर्व भूमिकांवर राहिला. जागतिक बँकेच्या मध्यस्थीने जवळजवळ नऊ वर्षे वाटाघाटी चालल्या आणि १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत पंडित नेहरू आणि अयुब खान यांनी करारावर सह्या केल्या. या करारात पाणी वाटलेले नाही. नद्या वाटल्या आहेत. रावी, बियास, सतलज भारताकडे. सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानकडे. पूर्वेकडील तीन नद्यांचा वार्षिक सरासरी प्रवाह सुमारे ३.३ कोटी एकर-फूट, तर पश्चिमेकडील तिघींचा सुमारे १३.५ कोटी. पाकिस्तानला पूर्वेच्या नद्यांवरील कालव्यांना पश्चिमेकडून पाणी आणावे लागणार होते, म्हणून जोडकालवे आणि मंगला, तरबेला ही धरणे उभी राहिली, आणि त्या कामांसाठी भारताने ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड दहा हप्त्यांत दिले.

अशा विभागणीचा मोठा फायदा असा की दर दहा दिवसांनी कोणाला किती, हा प्रश्नच उरत नाही. १९६५, १९७१ आणि १९९९ च्या लढायांतही दोन्ही देशांच्या स्थायी सिंधू आयोगाचे काम पूर्णपणे तुटले नाही, त्याचे एक कारण हेच आहे. परंतु वाद संपला नाही, त्याने जागा बदलली. पश्चिमेच्या नद्यांवर भारताला मर्यादित सिंचन, एकूण ३६ लाख एकर-फुटांपर्यंत साठवण आणि प्रवाही, म्हणजे मोठा साठा न करता वाहत्या पाण्यावर चालणाऱ्या, जलविद्युत प्रकल्पांची मुभा आहे. त्यामुळे धरणाच्या सांडव्याचे दरवाजे किती खाली असावेत, दैनंदिन चढउतारासाठीचा साठा किती असावा, यांवर दोन देश झगडू लागले. पाकिस्तानचे म्हणणे असे की खालच्या पातळीवरचे दरवाजे म्हणजे भारताच्या हाती नळ. भारताचे म्हणणे असे की हिमालयातील नद्या एवढा गाळ आणतात की खालचे दरवाजे नसतील तर जलाशय काही वर्षांत भरून जाईल, आणि चिनाबवरील सलाल धरणाच्या बाबतीत १९७८ मध्ये दिलेल्या सवलतींमुळे नेमके तेच घडले. अभियंता म्हणून मला दुसरे म्हणणे पटते; पण पहिले म्हणणे मांडणाऱ्या माणसाला १९४८ आठवत असते, हेही विसरता येत नाही. चिनाबवरील बगलिहारच्या वादात तटस्थ तज्ज्ञ रेमंड लाफित यांनी २००७ मध्ये दरवाजांची गरज मान्य केली, चढउताराचा साठा ३.७५ कोटींवरून ३.२५६ कोटी घनमीटरवर आणला आणि धरणमाथ्याची उंची दीड मीटरने कमी करायला सांगितली. पुढे झेलमच्या उपनदीवरील किशनगंगा प्रकल्पाच्या प्रकरणात लवाद न्यायालयाने २०१३ मध्ये भारताचा पाणी वळवण्याचा हक्क मान्य केला, नदीत किमान ९ घनमीटर प्रतिसेकंद पाणी सोडण्याचे बंधन घातले, आणि गाळ धुण्यासाठी जलाशय मृत साठ्याच्या पातळीखाली रिकामा करण्यास मात्र मनाई केली. एकाच कराराखाली दोन संस्थांनी गाळाच्या प्रश्नावर वेगवेगळ्या दिशांनी पाहिले, आणि त्यानंतरच्या प्रकरणांत तटस्थ तज्ज्ञ नेमायचा की लवाद न्यायालय, यावरच वाद सुरू झाला.

पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने हा करार स्थगित ठेवत असल्याचे जाहीर केले. पाकिस्तान त्याला मान्यता देत नाही, आणि लवाद न्यायालयाने त्यानंतर दिलेले निवाडे भारताला मान्य नाहीत. त्या राजकीय निर्णयाविषयी मी इथे लिहीत नाही. पण त्यामुळे सुरुवातीच्या प्रश्नाचा तिसरा भाग, म्हणजे ‘पाणी बंद करता येते का’, सर्वांच्या तोंडी आला, आणि त्याचे उत्तर आकडेमोडीने देता येते. बगलिहारचा चढउताराचा साठा ३.२५६ कोटी घनमीटर आहे. उन्हाळ्यात बर्फ वितळत असताना चिनाबला समजा १,००० घनमीटर प्रतिसेकंद पाणी असेल, तर हा साठा सुमारे नऊ तासांत भरतो. त्यानंतर येईल तेवढे पाणी खाली सोडावेच लागते. हिवाळ्यात प्रवाह समजा १५० पर्यंत उतरला, तर तोच साठा भरायला सुमारे अडीच दिवस लागतात. नदी अडवून ठेवायची असेल तर साठ्याची धरणे किंवा पाणी दुसरीकडे नेणारे बोगदे-कालवे लागतात, आणि डोंगराळ, भूकंपप्रवण प्रदेशात ते उभे करायला दशके जातात. करारात मान्य असलेली ३६ लाख एकर-फुटांची साठवणही बऱ्याच अंशी बांधलेली नाही.

म्हणून नदी बंद होत नाही, हे खरे. पण अडीच दिवसांचा अर्थ शून्य नव्हे. रब्बीच्या पेरणीच्या वेळी कालव्याचे पाणी ठरल्या तारखेला न येणे, किंवा धरण धुताना सोडलेला गाळयुक्त लोंढा सूचनेशिवाय खाली येणे, यांचे नुकसान वार्षिक बेरजेत दिसत नाही. कराराच्या मूळ परिशिष्टात चिनाबवरील जलाशय पहिल्यांदा भरायची वेळ २१ जून ते ३१ ऑगस्ट अशी आखून दिली आहे ती याच कारणाने : तेव्हा नदीत पाणी मुबलक असते. वरच्या देशाच्या हातात पाण्याचे प्रमाण बदलण्यापेक्षा पाण्याची वेळ बदलण्याची ताकद फार लवकर येते, आणि खालच्या देशाने करार करताना याच ताकदीवर बंधन मागायला हवे.

तुटीच्या वर्षाचे काय करावे, याबाबत अमेरिका आणि मेक्सिको यांचा १९४४ चा करार अभ्यासण्यासारखा आहे. त्यानुसार अमेरिकेने कोलोरॅडोतून दरवर्षी १५ लाख एकर-फूट द्यायचे, आणि मेक्सिकोने रिओ ग्रांदेच्या सहा उपनद्यांतून सरासरी ३.५ लाख एकर-फूट, पण हिशेब पाच वर्षांचा. पाच वर्षांच्या खात्यामुळे एका कोरड्या वर्षाचा बाऊ होत नाही. मात्र ‘असाधारण दुष्काळ’ पडल्यास तूट पुढच्या चक्रात नेता येईल असे म्हणताना असाधारण दुष्काळ कशाला म्हणायचे हे लिहिलेच नाही, आणि १९९० च्या दशकात साचलेली बाकी फेडायला २००५ उजाडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलेल्या चक्रातही बाकी राहिली. तरीही हा करार जिवंत आहे, कारण मूळ मजकूर न उघडता ‘मिनिट’ नावाचे पूरक ठराव करण्याची त्यात सोय आहे : १९७३ मध्ये क्षारतेबद्दल, २०१२ आणि २०१७ मध्ये तुटीची झळ दोघांनी सोसण्याबद्दल असे ठराव झाले. दक्षिण आशियातील करारांत अशी सोय फार कमी आहे. इथे प्रत्येक दुरुस्ती म्हणजे नवा करार, आणि नवा करार म्हणजे दोन्ही देशांत नव्याने राजकारण.

ठरावीक घनफळ लिहून देण्याचा धोका नाईलवर दिसतो. १९५९ मध्ये इजिप्त आणि सुदान यांनी वार्षिक ८४ अब्ज घनमीटर प्रवाह धरून त्यातले ५५.५ अब्ज इजिप्तला, १८.५ अब्ज सुदानला आणि १० अब्ज आस्वानच्या जलाशयातील बाष्पीभवनाला असे वाटून टाकले. सगळी नदी वाटली गेली, आणि ज्या इथिओपियातून तिचे बहुतांश पाणी येते तो देश बैठकीतच नव्हता. २०११ मध्ये इथिओपियाने ७४ अब्ज घनमीटर क्षमतेचे धरण निळ्या नाईलवर बांधायला घेतले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन केले, तेव्हा जुन्या कराराचा आधार इजिप्तच्या फारसा कामी आला नाही.

घरातला तिसरा पक्षही असतो. तिस्तेबाबत १९८३ मध्ये भारताला ३९ टक्के, बांगलादेशाला ३६ टक्के आणि २५ टक्के पुढे ठरवायचे, असा तात्पुरता समझोता झाला होता. २०११ मध्ये नवा करार सहीच्या उंबरठ्यावर आला आणि पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्या विरोधामुळे थांबला. तिस्तेवरील गजलडोब्याचा बॅरेज त्या राज्यात आहे आणि शेतकरीही त्याच राज्याचे आहेत. केंद्राने परस्पर वाटाघाटी करून राज्याला शेवटी सांगायचे, ही पद्धत नदीच्या बाबतीत चालत नाही. उलट १९९६ च्या गंगा करारात पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी पुढाकार घेतल्यानेच गाडी पुढे गेली होती.

पाणी न वाटता पाण्याचे फायदे वाटावेत, असे अलीकडे वारंवार सुचवले जाते. कोलंबिया नदीवर हे उत्तम चालले : कॅनडाने १९६४ नंतर तीन धरणे बांधून पाणी अडवले, त्यामुळे खाली अमेरिकेत जी जादा वीज तयार झाली तिचा निम्मा वाटा कॅनडाला मिळाला, आणि पूरनियंत्रणासाठी साठ वर्षांचे ६.४४ कोटी डॉलर वेगळे मिळाले. भूतानच्या चुखा आणि ताला प्रकल्पांत भारताने पैसा घातला आणि वीज विकत घेतली, तेही जमले. पण याच कल्पनेवर उभा असलेला १९९६ चा भारत-नेपाळ महाकाली करार पंचेश्वर धरणाच्या फायद्यांची किंमत कशी धरायची यावर अडकून पडला आहे. विजेचे युनिट मोजता येते. खाली भारतात वाढलेल्या सिंचनाचे आणि टळलेल्या पुराचे मोल किती, यावर दोन्ही देशांचे उत्तर जुळत नाही. ज्या खोऱ्यात उन्हाळ्यात पिण्याला आणि पिकाला पाणी कमी पडते तिथे फायदे वाटण्याच्या गोष्टीने पाणी वाटण्याची गरज टळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी करण्यासारखी गोष्ट म्हणजे आकड्यांची देवाणघेवाण. जून २००० मध्ये तिबेटात यिगाँग येथे दरड कोसळून बनलेला बांध फुटला आणि अरुणाचलात पूर आला. तेव्हा सूचनेची व्यवस्थाच नव्हती. २००२ मध्ये ब्रह्मपुत्रेच्या पूरकाळातील माहितीबाबत चीनशी सामंजस्य करार झाला. २००४ मध्ये तिबेटात पारेछू नदीवर असेच तळे साचले ते वेळेवर कळले, आणि पुढच्या वर्षी ते फुटले तेव्हा हिमाचलात काठावरच्या लोकांना आधीच हलवता आले. परंतु २०१७ मध्ये, डोकलामच्या वर्षी, ही माहिती आलीच नाही. पूरसूचना ही जीव वाचवण्याची बाब असल्याने ती पाणीवाटपाच्या आणि राजकारणाच्या कलमांपासून स्वतंत्र ठेवली पाहिजे.

गंगा कराराची तीस वर्षे डिसेंबर २०२६ मध्ये पूर्ण होतात, म्हणून नव्या मसुद्यात काय पाहावे हे शेवटी सांगतो. पहिली बाब म्हणजे प्रवाहाची आधारभूत मालिका. १९४९–८८ ची सरासरी आजच्या नदीला लागू करणे दोन्ही देशांना अडचणीचे आहे, आणि अलीकडची मालिका घेतली तर बांगलादेशाला वाटेल की वरच्या उचलीला आपणच मान्यता दिली. दुसरी बाब म्हणजे किमान हमी, १९७७ सारखी. तिसरी बाब नेपाळची आहे : घाघरा, गंडक आणि कोसी यांतून उन्हाळ्यात येणारे पाणी गंगेच्या प्रवाहाचा मोठा भाग आहे, तरी प्रवाह वाढवण्याच्या चर्चेत बांगलादेश नेपाळमधील धरणांचा आणि भारत ब्रह्मपुत्रेपासूनच्या जोडकालव्याचा आग्रह धरत राहिले, आणि दोन्ही योजना कागदावर राहिल्या. चौथी बाब माझ्या दृष्टीने सर्वांत कठीण आहे. मार्च-एप्रिलमध्ये गंगेत जे पाणी दिसते त्यात भूजलातून पाझरून येणाऱ्या पाण्याचा भाग मोठा असतो, आणि मैदानातील लाखो विंधनविहिरी तेच पाणी नदीत येण्याआधी उचलतात. बॅरेजच्या दरवाजांवर नियंत्रण ठेवता येते, विहिरींवर कोणत्याही सरकारला ते जमलेले नाही. निदान फरक्क्याच्या वरच्या काही ठिकाणांचा उन्हाळी विसर्ग आणि नदीकाठच्या भूजलपातळीचे आकडे संयुक्त समितीसमोर ठेवण्याचे कलम असावे. भारताला हे आपल्या अंतर्गत वापराची तपासणी वाटेल आणि तो आक्षेप घेईल. पण आज फरक्क्याचा आकडा घसरला की त्याचे कारण पाऊस, कालवा की विहीर, हे समितीत बसलेल्या दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांना कराराच्या कक्षेत राहून एकमेकांना दाखवता येत नाही.